आईचं पोट दुखतंय आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई 71 वर्षांची, नाशिकच्या सिडकोत वडिलांसोबत राहते. तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात. तीन महिन्यांपासून तिला बेंबीच्या वरच्या बाजूला दुखतं; कधी जळजळ, कधी नुसतंच जड. जेवण कमी झालंय, वजन ‘थोडंसं’ उतरलंय. डायबिटीस आणि बीपी जुनंच आहे. तीन डॉक्टर झाले. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड 1’ सोडून काही नाही. पॅन्टोप्राझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी चालू आहे, आठवडाभर बरं वाटतं, पुन्हा सुरू होतं. सगळे म्हणतात ॲसिडिटी आहे, वयोमानाप्रमाणे होतं. तुम्ही रक्ताचे दोन रिपोर्ट जोडलेत, एक मागच्या वर्षीचा, एक आत्ताचा, आणि शेवटी विचारलंय, ‘मी उगीच घाबरतोय का?’

नाही, उगीच नाही. मी गेली 28 वर्षं नाशिकमध्ये पोटाच्याच आजारांची प्रॅक्टिस करतो. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे इथे बसून निदान सांगणार नाही, कुणी सांगितलं तर तुम्हीही मानू नका. पण तुम्ही जे लिहिलंय आणि जोडलंय, त्यात शोध पुढे न्यायला पुरेसं कारण आहे. ‘वय झालं’ हे कोणत्याही दुखण्याचं निदान नाही. वयामुळे केस पांढरे होतात, पोट दुखत नाही.

आधी तातडीचं सांगतो, कारण तुम्ही दोनशे किलोमीटरवर आहात आणि फोन रात्रीच येतात. अचानक सुरू झालेलं, सहन न होणारं दुखणं, पोट फुगलंय आणि गॅसही सरत नाही, संडासही नाही, उलटी हिरवी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी, शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, उठून उभं राहिल्यावर भोवळ, किंवा वरच्या पोटात दुखतंय आणि सोबत घाम, धाप, जीव घाबरा. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. वडिलांना 108 लावायला सांगा किंवा रिक्षाने, शेजाऱ्याच्या गाडीने, जसं जमेल तसं अशा ठिकाणी न्या जिथे रात्री सर्जन, ईसीजी आणि सीटी स्कॅन आहे. सिव्हिल चालेल, मोठं खासगी हॉस्पिटलही चालेल. जाताना काही खायला-प्यायला देऊ नका आणि गल्लीतल्या कुणाकडून दुखण्याचं इंजेक्शन घेऊन ‘बघू सकाळपर्यंत’ असं करू नका. हा कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवून ठेवलात तरी चालेल.

आता आईंबद्दल.

म्हाताऱ्या माणसाचं पोट हळू बोलतं. पंचविशीतल्या मुलाला अपेंडिक्स झालं तर तो दुमडून पडतो, ताप चढतो, पोटाला हात लावू देत नाही. सत्तरीत तेच आतडं फुटलेलं असतं आणि माणूस म्हणतो, ‘जरा अस्वस्थ वाटतंय.’ ताप येतोच असं नाही, पांढऱ्या पेशी वाढतातच असं नाही, पोट दगडासारखं कडक होतंच असं नाही. स्नायू पातळ झालेले असतात आणि शरीराची प्रतिक्रिया मंदावलेली असते. डायबिटीस जुना असेल तर नसाही बोथट होतात. त्यात आपल्याकडच्या बायकांची सवय आयुष्यभर दुखणं अंगावर काढायची. म्हणजे शरीर निम्मं सांगतं आणि त्यातलं निम्मं आई सांगते. डॉक्टरसमोर पोहोचतं ते पावभर. म्हणून सत्तरीतली बाई स्वतःहून ‘पोट दुखतंय’ म्हणाली, आणि तेही तीन महिने, तर मी ते मनातल्या मनात दुप्पट करून ऐकतो.

तुमच्या आईंचे दोन रिपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मागच्या वर्षी हिमोग्लोबिन 11.8, आत्ता 9.9. आत्ताच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही 71 आहे; तो साधारण 80 ते 100 असायला हवा. याचा सोपा अर्थ, लाल पेशी आकाराने लहान झाल्यात. आपल्याकडे थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष असणाऱ्यांच्या पेशी जन्मापासून लहान असतात. पण त्यांचं हिमोग्लोबिन दहा-अकरा महिन्यांत असं दोनने घसरत नाही. मागच्या वर्षी एमसीव्ही 82 होता, म्हणजे ही नवी गोष्ट आहे. बहुतेक लोह कमी पडलंय. आणि पाळी जाऊन वीस-बावीस वर्षं झालेल्या बाईच्या शरीरातलं लोह असं कमी होतं, तेव्हा पहिला प्रश्न ‘ती काय खात नाही’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो ‘रक्त कुठून जातंय’. जठरातून, आतड्यातून थेंब थेंब रक्त महिनोन्महिने जाऊ शकतं आणि शौचाला डोळ्यांना काहीही दिसत नाही.

हे कुणी मुद्दाम लपवलं नाही. तीन डॉक्टरांनी तीन वेळा एकेकटा रिपोर्ट पाहिला. 9.9 बघून कुणीही म्हणेल, ‘या वयात बायकांचं असतंच, लोहाची गोळी देऊ.’ दोन कागद एका टेबलावर आले की मग दिसतं. म्हणून माझी एक विनंती आहे की यापुढे डॉक्टर बदलू नका. एकच निवडा, फिजिशियन किंवा पोटाचे तज्ज्ञ, जे शांतपणे ऐकतील असे, आणि सगळी फाइल त्यांच्याकडे ठेवा. दर वेळी नवीन ठिकाणी गेलं की दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात होते आणि पहिल्या पानावर नेहमी ॲसिडिटीच असते.

लोहाची गोळी मात्र शोध लागेपर्यंत, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. तिने शौचाला काळपट होते, मग रक्तामुळे काळं झालंय की गोळीने, हे घरच्यांना कळत नाही. आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण करायची वेळ आली तर ती गोळी आधी आठवडाभर बंदच करावी लागते.

वजनाचं तुम्ही ‘थोडंसं’ लिहिलंय. मला आकडा हवा. जुन्या फाइलवर, इन्शुरन्सच्या कागदावर, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या केसपेपरवर कुठेतरी वजन लिहिलेलं सापडेल. सहा महिने ते वर्षभरात, न ठरवता, पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. 58 किलोच्या बाईला ते साधारण तीन किलो होतं. तीन किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. आकडा मिळाला नाही तर आईंच्या हाताकडे बघा. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या हिरव्या बांगड्या बोलताना मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या आणि आजी त्या सारख्या खाली ओढत होत्या. सून म्हणाली, ‘तीन महिन्यांपूर्वी साबण लावून चढवल्या होत्या.’ वजनकाट्याची गरजच राहिली नाही.

आता गोळ्यांची पिशवी. प्रत्येक घरात असते, मेडिकलवाल्याची प्लास्टिकची पिशवी, तिला रबर लावलेलं. मी ती टेबलावर रिकामी करायला सांगतो. चिठ्ठीवर चार औषधं असतात, पिशवीतून नऊ निघतात. तुम्ही लिहिलंय की दिवाळीपासून आईंचे गुडघे फार दुखतात आणि ‘मेडिकलमधून आणलेली एक गोळी घेतली की बरं वाटतं’. ती गोळी कोणती, हे आज रात्री फोन करून वडिलांना वाचायला लावा. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यातलं काही नाव असेल तर माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. कधी ती पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असते आणि लोक समजतात साधी तापाची गोळी आहे. या गोळ्या जठराचं अस्तर सोलतात. अल्सर होतो, त्यातून रक्त झिरपतं, आणि म्हाताऱ्या माणसाला अल्सर न दुखताही होऊ शकतो. बीपीच्या गोळ्यांबरोबर रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन 75 चालू असेल तर धोका आणखी वाढतो. वर पॅन्टोप्राझोल चालू असलं की जळजळ तेवढी दबते, आठवडाभर बरं वाटतं, आणि खालची जखम तशीच. तुम्ही सांगितलेलं चित्र याच्याशी जुळतं. पण जुळतं म्हणजे तेच आहे असं नाही, कारण जठराच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच दिसू शकते आणि पॅन्टोप्राझोलने त्यालाही काही दिवस बरं वाटतं.

गुडघ्याची ती गोळी आज बंद करा. गुडघ्यासाठी साधं पॅरासिटामॉल द्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर 500 मिलिग्रॅमची एक, गरजेप्रमाणे दिवसातून तीनदा, सोबत शेक आणि बाम. ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल किंवा पूर्वी पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल तर ती बंद करण्याचा धोका मोठा असतो. तो निर्णय डॉक्टरांचा.

पिशवीत आणखी दोन-तीन गोष्टी शोधा. डायबिटीसच्या मेटफॉर्मिनने भूक मरते, पोट गुडगुडतं, संडास पातळ होते. डोस वाढवल्यानंतर त्रास सुरू झाला का, हे विचारा. डायबिटीसच्या गोळीचं नाव डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर आईंनी उपवास धरायचा नाही, म्हणजे नाहीच. या गोळ्यांवर असलेल्या माणसाने खाणं-पिणं सोडलं की रक्तात आम्ल साठू शकतं, पोट दुखतं, मळमळतं, आणि साखर तपासली तर ती फारशी वाढलेली दिसतच नाही. सगळे गाफील राहतात. श्रावणी सोमवारी, एकादशीला, नवरात्रात मी हे पाहिलंय. आईंना सांगताना देवाचं नाव काढू नका, गोळीचं काढा. वाद होत नाही.

सोनोग्राफीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की तिने ‘पोट दिसतं’. सोनोग्राफीने पित्ताशयातले खडे उत्तम दिसतात. लिव्हर, किडनी, मूत्राशय, गर्भाशय दिसतं. जठराच्या आतलं अस्तर दिसत नाही, अल्सर दिसत नाही, मोठ्या आतड्यातली लहान गाठ दिसत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे लपलेलं असतं आणि मध्ये गॅस असला की दिसत नाही. आईंच्या रिपोर्टच्या खालच्या ओळी पुन्हा वाचा. ‘गॅसमुळे स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग नीट दिसला नाही’ अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे. मग शेवटी ‘नॉर्मल’ लिहिलेलं असलं तरी तो नॉर्मल त्या भागापुरता नाही. रेडिओलॉजिस्टने प्रामाणिकपणे लिहिलंय, वाचणाऱ्यांनी वाचलं नाही. फॅटी लिव्हर ग्रेड 1 हे आज डायबिटीसच्या बहुतेक पेशंटमध्ये निघतं आणि त्याने असं दुखत नाही. त्याच्यावर तीन महिने घालवू नका. उद्या खडे निघाले तरीही लगेच ‘सापडलं’ म्हणू नका. खडे असलेल्या बहुतेक माणसांना ते आयुष्यभर त्रास देत नाहीत. खड्यांचं दुखणं सहसा उजवीकडे बरगडीखाली, जेवणानंतर किंवा रात्री कळ येऊन तास-दोन तास टिकणारं असतं, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाणारं. रोज दिवसभर जडपणा, हे त्यांचं लक्षण नाही.

माझ्यासमोर आई असत्या तर मी आधी रिपोर्ट बाजूला ठेवून जेवणाबद्दल विचारलं असतं. तुम्ही लिहिलंय ‘जेवण कमी झालंय’. या तीन शब्दांत तीन वेगवेगळे आजार आहेत. भूकच लागत नाही, अन्नावरची वासनाच उडाली, हे एक. भूक लागते, ताटावर बसते, पण अर्ध्या पोळीत पोट गच्च होतं, हे दुसरं. तिथे जठराची आणि अंडाशयाची शंका मनात ठेवावी लागते. तिसरं सगळ्यात फसवं, की भूक आहे पण जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दुखायला लागतं, म्हणून बाई जेवायलाच घाबरते आणि ‘नकोसं वाटतं’ एवढंच सांगते. आतड्याला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली की असं होतं, जसं हृदयाची नळी अरुंद झाल्यावर चालताना छातीत दुखतं. अल्सरमध्येही होतं. आईंना विचारा, ‘समोर आवडीचं ठेवलं तर खावंसं वाटतं का, आणि मग काय होतं?’ हे फोनवर विचारू नका. फोनवर आई ‘जेवले रे बाबा’ म्हणणार. शनिवारी या आणि तिच्या शेजारी बसून जेवा.

तिसऱ्या प्रकारात एक जास्तीची काळजी. आईंची नाडी अनियमित असेल, म्हणजे डॉक्टरांनी कधी ‘हार्टबीट इरेग्युलर’ म्हटलं असेल, आणि एखाद्या दिवशी पोटात भयंकर दुखतंय पण हात लावून बघितलं तर पोट मऊ, असं झालं, तर ते मनाचं दुखणं समजू नका. रक्ताची गुठळी आतड्याच्या नळीत अडकलेली असू शकते आणि तिथे तास मोजावे लागतात.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत द्राक्षाच्या हंगामात निफाडकडचे एक बाबा संध्याकाळी आले. दुपारी मिसळ खाल्ली होती, छातीच्या खाली जळजळत होतं, ढेकर आला की बरं वाटायचं. घरी ओवा, सोडा घेऊन झाला होता. मी पोट तपासलं, ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि पाठवलं. पहाटे मुलगा त्यांना परत घेऊन आला तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका होता, तो पोटात जाणवत होता. ते वाचले, पण त्यांचे दहा तास माझ्यामुळे गेले. त्या दिवसापासून चाळिशीच्या पुढचा माणूस वरच्या पोटाचं दुखणं घेऊन आला की मी आधी ईसीजी काढतो. डायबिटीस असलेल्या बाईला तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. आईंचा या तीन महिन्यांत ईसीजी झालेला तुमच्या कागदांत मला दिसला नाही. तो या आठवड्यात करा. आणि दुखणं चालताना, जिना चढताना वाढतं का, बसलं की थांबतं का, हेही विचारा.

दुसरी गोष्ट दिंडोरीकडच्या एका आजींची. तीन दिवस उलट्या, पोट फुगलेलं. दोन ठिकाणी सलाईन लावून झालं होतं, पित्ताचं इंजेक्शन झालं होतं, वरच्या पोटाची सोनोग्राफीही झाली होती. मी सिस्टरना पडदा ओढायला सांगितला, परकराची नाडी सैल करायला सांगितली आणि जांघेत हात लावला. उजवीकडे आवळ्याएवढी, घट्ट, दुखरी गाठ. जांघेतला हर्निया, त्यात आतड्याचा तुकडा अडकलेला. रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, ‘आजी, ही गाठ आधी कुणाला सांगितली नाही?’ त्या म्हणाल्या, ‘गाठ होय, ती तर आहेच चार महिने. तुम्ही समदे पोटाचंच इचारत होता.’

नऊवारी असो वा गाऊन, कपड्यावरून पोट दाबून तपासणं म्हणजे तपासणं नव्हे. वरून छातीच्या खालपासून खाली जांघेपर्यंत पोट उघडं बघायला हवं. तिथे जुन्या ऑपरेशनचा व्रण दिसतो, गाठ दिसते, कधी एका बाजूला पट्ट्यासारखे बारीक फोड दिसतात. ही नागीण, फोड येण्याच्या दोन-चार दिवस आधीपासून तिथे आग होत असते आणि सगळे ॲसिडिटी समजतात. तुमच्या आईंना असं कुणी तपासलंय का? तुम्ही मुलगा आहात, तुम्हाला हे विचारायला अवघड जाईल आणि आईंना सांगायला त्याहून जास्त. म्हणून बहिणीला, बायकोला, मावशीला, कुणालातरी सोबत पाठवा, किंवा पहिली तपासणी स्त्री डॉक्टरांकडे करा.

त्याच बाईमाणसाने आईंना आणखी काही विचारायचंय. पाळी गेल्यानंतर कधी पुन्हा डाग दिसला का? लघवीला सारखं जावं लागतं का? परकराची नाडी पोटावर घट्ट होतेय पण हात-पाय बारीक होतायत, असं आहे का? शेवटचं फार महत्त्वाचं. अंडाशयाचा कॅन्सर या वयात ‘गॅस’च्या वेषात येतो. पोट फुगलेलं, दोन घासांत भरलेलं, ओटीपोटात जड, लघवीची घाई, आणि हे महिन्यातून बारा-पंधरा दिवस. पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला तर त्याला आतड्याची सवय किंवा गॅस म्हणून सोडायचं नाही. ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए 125 ही रक्ताची तपासणी करून घ्यायची. आईंची सोनोग्राफी पूर्ण पोटाची झालीय की फक्त वरच्या भागाची, तेवढं बघून घ्या.

तर क्रम कसा ठेवायचा? या आठवड्यात ईसीजी, हिमोग्राम (तुम्ही जोडलेला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट) पुन्हा एकदा, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, किडनीचा क्रिएटिनिन, लिव्हरचे रिपोर्ट, स्वादुपिंडासाठी लायपेज, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी एचबीए1सी, लघवी. त्यानंतर जठराची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी, आणि ती महिन्याभराने नव्हे, आठ-दहा दिवसांत. साठीच्या पुढे नवीन पोटदुखी, सोबत वजन उतरलेलं आणि रक्त कमी झालेलं, एवढं पुरे आहे. गोळ्या बदलून बघत बसण्याची वेळ गेली. त्यातच जठराच्या जंतूसाठी, एच पायलोरीसाठी, तुकडा घेता येतो. पॅन्टोप्राझोल चालू असताना ती तपासणी खोटी ‘नाही’ सांगू शकते, म्हणून ती गोळी किती दिवसांपासून चालू आहे हे एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. एंडोस्कोपीत अल्सर निघाला तरी लोह एवढं का उतरलं, याचं उत्तर पूर्ण मिळालं का, हे डॉक्टरांना विचारा. जठर स्वच्छ निघालं तर मोठ्या आतड्याची दुर्बीण करावीच लागेल. आणि वजन खरंच उतरलं असेल, दुखणं पाठीत जात असेल, पुढे वाकून बसल्यावर बरं वाटत असेल किंवा इतकी वर्षं आटोक्यातली साखर अचानक बिघडली असेल, तर स्वादुपिंडासाठी सीटी स्कॅन, तोही कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन. साध्या सीटीत स्वादुपिंडातली लहान गाठ निसटू शकते. त्याआधी क्रिएटिनिन बघतात, आणि मेटफॉर्मिन चालू असल्याचं सेंटरवर सांगायचं.

एक साधी शक्यता सांगायची राहिली. पोट रोज साफ होतं का? थंडीत पाणी कमी, चालणं कमी, त्यात बीपीची अम्लोडिपिनसारखी गोळी. मळ आत घट्ट होऊन बसतो आणि पोट दुखतं. कधी त्या घट्ट मळाच्या कडेने पातळ पाणी येतं, घरचे ‘जुलाब’ समजून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि आणखी अडकतं. बोटाने गुदद्वार तपासलं की एका मिनिटात कळतं. ही तपासणी टाळली जाते, टाळू देऊ नका. पण बद्धकोष्ठ सापडलं म्हणून वरचे दोन रिपोर्ट विसरायचे नाहीत. हिमोग्लोबिन बद्धकोष्ठाने उतरत नाही.

खर्चाचं. 70 च्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. 2024 च्या ऑक्टोबरपासून ही सोय आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आधार कार्डावर निघतं. मात्र ते ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्यांसाठी नाही. आत्ताच काढून ठेवा. ऑपरेशनची वेळ आली तर त्या धावपळीत ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो हे शोधायला लागू नये.

आईंना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या लिहिण्यात ते आहे. ‘दुर्बीण घालतात म्हणे’ हे ऐकूनच त्या नाही म्हणतील. शिवाय त्यांच्या मनात एक शब्द आधीच येऊन गेलेला असतो आणि तो तुमच्या तोंडून ऐकायची त्यांना भीती असते. खोटं बोलू नका, ‘नुसतं चेकअप’ म्हणून नेऊ नका. नंतर कळलं की पुढच्या वेळी त्या येत नाहीत. सरळ सांगा, ‘आई, तुझं रक्त कमी झालंय, ते पोटातून कुठे जातंय का ते बघायचंय.’ हे खरं आहे आणि पेलण्यासारखं आहे. घशात मारायच्या फवाऱ्याने घसा बधिर करतात, पाच-दहा मिनिटांत होतं, तुकडा घेतलेला कळतही नाही. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही, सकाळी साखरेची गोळी नाही, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर. कवळी असेल तर काढून डबीत ठेवायची.

शनिवारी या. पिशवी रिकामी करा, वजनाचा जुना आकडा शोधा, दोन्ही हिमोग्राम एकाच पारदर्शक फोल्डरमध्ये समोरासमोर घाला. आणि डॉक्टरांकडे जाताना वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. रात्री आई किती वेळा उठते, स्वयंपाकघरात जाऊन काय घेते, अंथरुणात पोट धरून किती वेळ बसते, हे घरात फक्त त्यांनीच पाहिलेलं असतं आणि त्यांना अजून कुणी विचारलेलं नसतं.